दहा हजार फॉलोअर्स आणि एक वही

मी बॅकएंडला काम करतो. म्हणजे सर्व्हर, डेटाबेस, रात्री दोन वाजता येणारे अलर्ट वगैरे. आमच्या कंपनीतल्या मार्केटिंगवाल्यांशी माझा संबंध येतो तो फक्त वाढदिवसाच्या केकपुरता. पण मागच्या वर्षी एके दिवशी त्यांच्यातली एक जण लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, "आपले अकरा हजार फॉलोअर्स आहेत. कालची पोस्ट सातशे जणांनाच दिसली. हा बग आहे का?"

"बग नाही, फीचर आहे" हा आमच्या धंद्यातला जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद. या वेळी मात्र ते अगदी खरं उत्तर होतं. ते समजावण्यात अर्धा तास गेला. मग त्यांच्या सगळ्या टीमने मला पुढच्या शुक्रवारी जेवणानंतर तासभर बोलायला लावलं. विषय, सोशल मीडिया सोप्या भाषेत.

तयारी करताना एक गोष्ट लक्षात आली. रीच म्हणजे हे, एंगेजमेंट म्हणजे ते, अशा व्याख्या सांगितल्या की त्या पाठ होतात, पण कळत नाहीत. यातला प्रत्येक पार्ट कधी बनला आणि तो कोणाची अडचण सोडवायला बनला हे पाहिलं, की मग बाकीचं आपोआप उलगडतं. थोडक्यात, इथली मुळाक्षरं शिकायची तर इतिहासातून शिकावी लागतात.

आणि एक कबुली. तिने विचारलेला प्रश्न मला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी माझ्या मामाने तोच विचारला होता. तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, आणि त्याची किंमत मामाने मोजली.

मामाचा मसाला

मामाचं गाव कराडच्या पुढे. मामा-मामींचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा धंदा आहे. उन्हाळा लागला की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती येतात, अंगणात वाळवण पडतं, आणि कांडपाच्या आवाजाने गल्ली हादरते. तिथून जाणारा शिंकल्याशिवाय पुढे जात नाही.

२०१९ च्या जानेवारीत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घराण्यातला पहिला कॉम्प्युटरवाला. मामाने दुसरं कांडप मशीन घ्यायला पैसे बाजूला ठेवले होते. मी म्हणालो, "मामा, मशीन पुढच्या वर्षी घ्या. आधी ऑनलाइन या. फॉलोअर्स वाढले की ऑर्डरी येतात." एका एजन्सीवाल्याने पेज बनवून 'दहा हजार फॉलोअर्सची गॅरंटी' दिली. पस्तीस हजार रुपये गेले. तीन आठवड्यांत आकडा खरंच दहा हजारांवर पोचला. मामाने मोबाइल सगळ्या गल्लीला दाखवला.

मार्च उलटला, एप्रिल उलटला. मामाचा फोन आला.

"आरं, धा हजार मान्सं हायती म्हंतोस ना आपली? मग फोन का वाजंना?"

मी काहीतरी तांत्रिक बडबडलो. तो ऐकून घेऊन "बरं बरं" म्हणाला. त्या "बरं बरं"चं उत्तर म्हणजे हा लेख.

आधी नुसती घरं होती

सुरुवात १९९७ ची. सिक्स डिग्रीज नावाची एक अमेरिकन साइट आली. स्वतःचं पान बनवा, ओळखीच्या लोकांची यादी जोडा, आणि त्यांच्या ओळखीचे कोण ते पाहा. सोशल मीडियाचे पहिले दोन पार्ट इथे एकत्र आले: प्रोफाइल आणि जोडणी. पण तेव्हा इंटरनेटवर माणसंच कमी होती. नातेवाईक अजून गावाला आलेच नाहीत आणि तुम्ही मांडव घालून बसलात, तसं काहीसं झालं. काही वर्षांत ती साइट बंद पडली.

२००२ ते २००४ या काळात मात्र रांगच लागली. फ्रेंडस्टर, मायस्पेस, ऑर्कुट, फेसबुक. यातलं ऑर्कुट आपलं. जानेवारी २००४ मध्ये गूगलने ते सुरू केलं आणि ते अमेरिकेपेक्षा ब्राझील आणि भारतात जास्त रुजलं. माझी चुलत बहीण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून स्क्रॅप लिहायला जायची, हे मला आठवतं.

या सगळ्या साइट्सचा स्वभाव एकच होता. प्रत्येकाचं एक घर. कोणाचं काय चाललंय हे कळायला तुम्ही त्याच्या घरी जायचं, भिंतीवर काय लिहिलंय ते वाचायचं, चार शब्द लिहून परतायचं. तुम्ही गेला नाहीत तर तुम्हाला कळणार नाही. मसालेवाल्याला इथे काही काम नव्हतं. लोक मित्राच्या घरी जातात; मसाल्याच्या घरी कोण कशाला जाईल?

५ सप्टेंबर २००६

हा दिवस आपल्याकडे शिक्षक दिन. सोशल मीडियाच्या इतिहासात मात्र तो न्यूज फीडचा वाढदिवस आहे. त्या दिवशी फेसबुक उघडल्यावर लोकांना समोर एक यादी दिसली. अमक्याने फोटो टाकला, तमकीने रिलेशनशिप स्टेटस बदललं, तिसरा अमुक ग्रुपमध्ये गेला. कोणाच्या घरी जायची गरज उरली नाही. सगळ्यांच्या घरातलं तुमच्या ओसरीवर येऊन पडू लागलं.

लोक भडकले. फेसबुक तेव्हा प्रामुख्याने अमेरिकन कॉलेजच्या पोरांचं होतं. हे फीड नको म्हणणारे ग्रुप तयार झाले आणि त्यात काही दिवसांत लाखो विद्यार्थी सामील झाले. मार्क झुकेरबर्गने माफी मागितली, प्रायव्हसीच्या सेटिंग्ज दिल्या, पण फीड काढलं नाही. कारण कंपनीला एक वेगळी गोष्ट दिसत होती. लोक शिव्या घालत होते आणि साइट पूर्वीपेक्षा जास्त वापरत होते. शिवाय निषेधाचे ते ग्रुप इतक्या वेगाने पसरले तेही फीडमुळेच. 'तुमचा मित्र या निषेधात सामील झाला' ही बातमी फीडच प्रत्येकाला पोचवत होतं.

मार्केटिंगवाल्यांनी पहिली खूणगाठ इथे बांधावी. फीड आल्यापासून सोशल मीडिया म्हणजे फलक राहिला नाही. रस्त्याकडेचा फलक समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. फीड ही प्रत्येकासाठी वेगळी लावलेली रांग असते. जागा मर्यादित, उमेदवार भरपूर. मग रांगेत पुढे कोण, हे कोणीतरी ठरवायला हवं. ते कशावरून ठरवायचं?

अंगठ्याचं वजन

त्यासाठी खूण हवी होती, आणि ती जवळजवळ योगायोगाने मिळाली. कोणी "पास झालो" असं लिहिलं की खाली 'अभिनंदन', 'मस्त', 'भारी' अशा एकशब्दी कमेंटची रांग लागायची आणि कामाच्या कमेंट त्यात हरवायच्या. फेसबुकमधल्या काही इंजिनिअर-डिझायनर मंडळींना वाटलं, यासाठी एक बटण द्यावं. कंपनीत त्याचं नाव आधी 'ऑसम' होतं. बरीच चर्चा होऊन ९ फेब्रुवारी २००९ ला ते 'लाइक' म्हणून आलं.

बटण बनलं कमेंटची गर्दी कमी करायला. पण मशीनला वाक्य कळणं अवघड आणि अंगठा मोजणं सोपं. कोणाला काय आवडतं याची, लोकांनी स्वतःच्या हाताने भरलेली नोंदवही कंपनीच्या हाती आली. २०१० मध्ये फेसबुकने डेव्हलपर लोकांना रांग लावायचं सूत्र सांगितलं. त्याचं नाव एजरँक. त्यात तीन गोष्टी होत्या: तुमचं आणि पोस्ट टाकणाऱ्याचं किती सख्य आहे, त्या पोस्टचं आणि त्यावरच्या प्रतिसादाचं वजन किती, आणि ती किती शिळी झाली आहे. पुढे या तिघांच्या जागी असंख्य खुणा वाचणारं मशीन लर्निंग आलं. तरी गाभा तोच. 'हे समोर ठेवलं तर हा माणूस थांबेल का?' याचा अंदाज.

लाइकचं वजन किती, यावरून महाराष्ट्रात एकदा फार वाईट प्रसंग घडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते फक्त लाइक केलं. पोलिसांनी दोघींना अटक केली. देशभर ओरड झाली, नंतर ते प्रकरण बंद झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ज्या कलमाखाली कारवाई झाली ते ६६ अ कलम मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

आमच्या सेशनमध्ये हे सांगितल्यावर सगळे क्षणभर गप्प झाले. एकच अंगठा. त्या मुलीसाठी ती मैत्रिणीला दिलेली मान होती. पोलिसांसाठी तो गुन्हा. अल्गोरिदमसाठी ती रांगेतली एक खूण. आणि मार्केटिंगच्या एक्सेल शीटमध्ये ते 'एंगेजमेंट'. आकडा तोच असतो. त्याच्या मागे माणसाने काय केलं हे आकड्यातून कळत नाही. लाइक म्हणजे 'विकत घेईन' असं कुठेही लिहिलेलं नाही.

नियम कंपनीने केले, भाषा लोकांनी

इथे एक उलटा किस्सा सांगायलाच हवा. ट्विटर २००६ मध्ये आलं. १४० अक्षरांची मर्यादा होती, कारण ते एसएमएसवर चालायला हवं होतं. एसएमएसची १६० अक्षरं, त्यातली २० नावासाठी बाजूला. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना नावाच्या एका वापरकर्त्याने सुचवलं, की विषयांचे गट करायला शब्दाआधी हॅशचं चिन्ह लावूया. कंपनीला ते फारसं पटलं नव्हतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ वणवे पेटले, तेव्हा लोक तो टॅग लावून एकमेकांना खबर देऊ लागले. हॅशटॅग रुजला. कंपनीने तो नंतर स्वीकारला.

रीट्वीटचंही तसंच. लोक 'आरटी' लिहून दुसऱ्याचं म्हणणं हाताने कॉपी करायचे. २००९ मध्ये कंपनीने त्याचं बटण केलं. हाताने कॉपी करताना माणूस निदान एकदा वाचायचा. बटण दाबताना तेवढंही उरलं नाही. ते बटण बनवणाऱ्या टीमचा प्रमुख क्रिस वेदरेल याने पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

हे सांगण्याचं कारण, मार्केटिंगमध्ये आज 'कॅम्पेन हॅशटॅग' ठरवायच्या मीटिंगा होतात. पण हॅशटॅगचा जन्म गरजेतून झाला. वणव्यात अडकलेल्याला खबर हवी होती. लोकांना एकमेकांशी बोलायला तुमच्या टॅगची गरज नसेल, तर तो फक्त तुमच्याच पोस्टखाली दिसतो.

बाजारात जागेची पावती

आता पैशाकडे येऊ. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने धंद्यांसाठी पेजेस आणि जाहिरातींची नवी व्यवस्था आणली. सोबत बीकन नावाचा प्रकारही आणला. तुम्ही दुसऱ्या एखाद्या साइटवर काय घेतलं ते तुमच्या मित्रांना फेसबुकवर कळणार. एका माणसाने बायकोला नाताळची भेट म्हणून गुपचूप अंगठी घेतली आणि ती बातमी बायकोसकट सगळ्या मित्रांपर्यंत पोचली. कोर्टकचेरी झाली, २००९ मध्ये बीकन बंद झालं. पेजेस मात्र राहिली आणि फोफावली. पहिली काही वर्षं सुखाची होती. पेज फुकट, पोस्ट फुकट, आणि ती बऱ्यापैकी लोकांना दिसायची.

आठवडी बाजार आठवा. बाजार नवा बसतो तेव्हा जागा भरपूर असते, गिऱ्हाईक यावं म्हणून विक्रेत्यांना मोकळीक असते. कुठेही पाल ठोका. गर्दी वाढली की जागेची पावती सुरू होते. त्यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. बाजार भरला एवढंच. पण फुकटच्या दिवसांवर ज्याने धंद्याचं गणित बसवलेलं असतं, तो कोसळतो.

इथेही तेच झालं. २०१२ मध्ये फेसबुकचा स्वतःचा आकडा होता, की पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोचते. २०१४ च्या फेब्रुवारीत ओगिल्व्ही या जाहिरात कंपनीने शंभरावर ब्रँड पेजेस तपासली, तेव्हा तो आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला. त्याच वर्षी जूनमध्ये फेसबुकच्या ब्रायन बोलंड यांनी याचं कारण मांडलं. एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी १,५०० गोष्टी वाट पाहत असतात. फीड त्यातल्या सुमारे ३०० दाखवतं. म्हणजे पाचांतली एक. बाकीच्या चार कोणाच्या तरी असतातच, आणि त्या बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या असतात. भावाच्या बाळाच्या फोटोपुढे मसाल्याचं पाकीट टिकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं, की यापुढे ओळखीपाळखीच्या माणसांच्या पोस्टना आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्याला जास्त महत्त्व मिळेल.

मामाचं पेज त्यानंतर एका वर्षाने निघालं. बाजार भरून वाहत होता तेव्हा आम्ही पाल ठोकायला गेलो.

पावती फाडायची पद्धतही समजून घ्यायला हवी. बाजार समितीतल्या लिलावात ज्याची बोली जास्त त्याचा माल. जाहिरातीच्या लिलावात तसं नसतं. बोलीला आणखी एका आकड्याने गुणतात: ही जाहिरात दिसल्यावर हा विशिष्ट माणूस हवी ती कृती करेल याची शक्यता. त्यात जाहिरातीचा दर्जा मिळवतात. जो बेरजेत पुढे, त्याला जागा. म्हणून कमी बोलीची पण नेमक्या माणसापुढची जाहिरात मोठ्या बोलीला हरवू शकते. हा लिलाव फीडमधल्या जाहिरातीच्या प्रत्येक जागेसाठी, तुमचा अंगठा स्क्रीनवर सरकतो तेवढ्या वेळात होतो.

आता मामाचे दहा हजार फॉलोअर्स पुन्हा पाहा. ते कुठले कोण होते देव जाणे. कांदा-लसूण मसाला म्हणजे काय हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसणार. काही तर माणसंही नसतील. पोस्ट टाकली की ती आधी थोड्या लोकांपुढे जाते. ते थांबले तर आणखी लोकांपुढे. मामाची पोस्ट ज्यांच्यापुढे जायची ते थांबतच नव्हते. मशीनचा अंदाज पक्का होत गेला: या पेजमध्ये कोणाला रस नाही. विकतचे फॉलोअर्स नुसते निरुपयोगी नव्हते. खऱ्या गिऱ्हाइकाच्या वाटेत ते दहा हजार मुकी माणसं उभी करण्यासारखं होतं. आणि ती मी उभी केली होती.

छेदात काय आहे?

सेशनमध्ये मी फळ्यावर एक गणित मांडलं. एक व्हिडिओ दहा जणांपुढे आला. सहा जण दोन-दोन सेकंदांत पुढे गेले. चार जणांनी वीस-वीस सेकंद पाहिला. एकूण ९२ सेकंद. सरासरी किती?

दहांनी भागलं तर ९.२. पण 'तीन सेकंदांहून जास्त पाहिलं तरच तो व्ह्यू' असं ठरवून फक्त चारांनी भागलं तर २३. व्हिडिओ तोच, लोक तेच, सरासरी अडीचपट.

हे काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं, की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ नेमकी अशाच चुकीमुळे सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवली जात होती. आकडा ६० ते ८० टक्के जास्त दिसत होता. जाहिरातदार कोर्टात गेले आणि पुढे चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान कितीतरी कंपन्यांनी 'आता व्हिडिओच चालतो' म्हणून आपली दिशा बदललेली होती.

म्हणून डॅशबोर्ड वाचताना एक सवय लावून घ्यायची: छेदात काय आहे ते विचारायचं. रीच म्हणजे किती वेगवेगळी माणसं. इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं; एकाच माणसाला पाचदा दिसलं तर रीच एक, इम्प्रेशन पाच. एंगेजमेंट रेट दहा टक्के म्हणजे कशाच्या दहा टक्के? फॉलोअर्सच्या, की ज्यांना दिसलं त्यांच्या? उत्तर मिळत नसेल तर तो आकडा मीटिंगमध्ये टाळ्या घ्यायला ठीक, पैसे लावायला नाही.

ओळखीचं नातं सुटलं

न्यूज फीड आलं त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं. डेटा स्वस्त झाला आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणं ही चैन राहिली नाही. त्याच वर्षी इन्स्टाग्रामनेही वेळेनुसार लागणारं फीड बदलून अंदाजानुसार लावायचं ठरवलं. लोक आपल्या फीडमधलं सरासरी ७० टक्के बघतच नाहीत, असं कारण त्यांनी दिलं.

मग टिकटॉक आलं आणि त्याने आणखी एक धागा तोडला. तिथे कोणाला फॉलो केलंय याला फारसा अर्थ नव्हता. तुम्ही कशावर थांबता हेच महत्त्वाचं. १९९७ पासून सोशल मीडियाचा पाया होती 'ओळख'. इथे पाया झाला 'रस'. शून्य फॉलोअर्स असलेल्या, गोठ्यात नाचणाऱ्या पोराचा व्हिडिओ लाखो लोकांपुढे जाऊ शकत होता. पैसा, इंग्रजी, पुण्या-मुंबईतली ओळख यातलं काही नसलेल्या कितीतरी मराठी पोरापोरींना पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

आणि २९ जून २०२० ला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. चीनबाहेरची त्याची सगळ्यात मोठी बाजारपेठ एका आदेशात संपली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. पण लाखभर फॉलोअर्स जमवलेल्या माणसाला ते उचलून इकडे आणता आले नाहीत. ती माणसं कधी त्याची नव्हतीच. त्या मशीनने ती त्याच्यापुढे आणून उभी केली होती. ऑर्कुटही असंच ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं होतं. बहिणीचे स्क्रॅप तिथेच राहिले.

ओळख सुटली तसं ब्रँडला पुन्हा ओळखीचा चेहरा लागू लागला, आणि इन्फ्लुएन्सरचा धंदा वाढला. मैत्रीच्या आवाजातली जाहिरात मैत्रीच वाटते, म्हणून जून २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहिणं आवश्यक केलं.

मामीची वही

आता शेवटचा पार्ट. सेशनमध्ये हा सांगितला नव्हता, कारण तो स्लाइडवर मावत नाही.

मामीकडे एक वही आहे. दोनशे पानी, लांबट, किराणा दुकानात मिळते तशी. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत. कुठलं गाव, किती किलो, तिखट की मध्यम, लसूण जास्त की कमी, कोणाच्या घरी बाळंतीण आहे म्हणून या वर्षी सौम्य. शेजारी फोन नंबर. आमच्या दहा हजारांच्या काळात ती कपाटावर पडून होती.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मिरची घरात येऊन पडलेली होती. बाजार बंद, एसटी बंद. मामीने वही काढली. मला फोन करून विचारलं, "ह्या समद्यांस्नी येकदम मेसेज कसा धाडायचा रं?" मी ब्रॉडकास्ट लिस्ट सांगितली. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, मामीच्या वहीत तीनशेच्या वर नावं होती, म्हणून दोन लिस्टा केल्या.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचा एक नियम आहे. मेसेज त्यांनाच पोचतो, ज्यांनी *तुमचा* नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला असतो. तुमच्याकडे त्यांचा नंबर असून चालत नाही. मला वाटलं, पन्नास-साठ जणांना पोचेल. मामीने संध्याकाळी स्क्रीन पाहून सांगितलं, निम्म्याहून जास्त ठिकाणी दोन टिक आल्यात. कोणाकडे ती 'मसालेवाल्या काकू' म्हणून सेव्ह होती, कोणाकडे 'कराड मसाला', कोणाकडे नुसतं 'तिखट'. ऑर्डरी आल्या. दुधाच्या टेम्पोतून पाकिटं कराडला आणि तिथून पुढे गेली. फार कमाई झाली नाही, पण मिरची वाया गेली नाही. दुसरं कांडप मशीन २०२२ मध्ये आलं. यायला हवं होतं त्याच्या तीन वर्षं उशिरा.

व्हॉट्सअ‍ॅपही दुसऱ्याचाच बाजार आहे, हे मला कळतं. उद्या तिथले नियम बदलतील, पावती वाढेल. पण वही बाजाराची नाही. ती ज्या बाजारात जाईल तिथे उघडता येते.

प्रोफाइल, जोडणी, फीड, लाइक, हॅशटॅग, लिलाव. हे सगळे पार्ट कोणीतरी स्वतःची अडचण सोडवायला बनवले. ती अडचण माझ्या मामाचा मसाला खपत नाही ही कधीच नव्हती. म्हणून ते वापरू नयेत असं अजिबात नाही. जत्रेत जावं, पाल ठोकावं, पावती फाडावी, चार नवी माणसं भेटतात. फक्त भेटलेल्या माणसाचं नाव वहीत लिहून घरी आणावं.

सेशन संपल्यावर ती मार्केटिंगवाली मागे थांबली. म्हणाली, "मग मॅनेजरना कुठला आकडा सांगू? अकरा हजार की सातशे?"

मी तिला विचारलं, "त्या सातशेंपैकी किती जणांनी आपला नंबर सेव्ह केलाय?"

तिला माहीत नव्हतं. मामाने फोन केला तेव्हा मलाही नव्हतं.